माईंचा यशवंत डॉक्टर झाला, ते आमच्या पोरांना कोण सांगणार?

दर ३ जानेवारीला आम्ही सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालतो, भाषणे ठोकतो. पण या माउलीने घरात एक डॉक्टर घडवला, हे वस्तीतल्या दहावी-बारावीच्या पोरांना सांगायचे राहूनच जाते. १८७४ साली जोतिराव-सावित्रीमाईंनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले. तोच यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले. १८९० साली जोतिराव गेले. १८९७ साली प्लेगने पुणे हादरले, तेव्हा माईंनी लष्करी नोकरीतल्या यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडायला लावला. सहासष्ट वर्षांच्या माई स्वतः रुग्ण शोधत हिंडत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी माई गेल्या.

आता डॉक्टरकीचा खर्च आमच्या आवाक्यात कुठे, असे म्हणून आम्ही गप्प बसतो. अहो, एएनएम दोन वर्षांत होते, जीएनएम तीन वर्षांत. हे तरी किती मुलींच्या कानावर घातले? येत्या जयंतीला एक वक्ता कमी करा, वस्तीतल्या नर्सताईंना मंचावर बसवा आणि पोरांना विचारू द्या काय विचारायचे ते.