होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर, इ.स. १९०९ : मुंबई – २४ जानेवारी, इ.स. १९६६ : माँ ब्लाँ, आल्प्स) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक होते. मुंबई उपनगरातील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुसंशोधन केंद्र त्यांनी उभारले. पाण्याच्या विद्युत अपघटनातून जड पाणी मिळवणारा देशातील पहिला प्रकल्पही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला.

शिक्षण व संशोधन

भाभांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी आधी यांत्रिक अभियांत्रिकीचे व नंतर भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. विश्वकिरणांवरील त्यांचे संशोधन महत्त्वाचे मानले जाते. इ.स. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. इ.स. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. इ.स. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले.

तुर्भे येथील अणुभट्ट्या

'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट, इ.स. १९५६ रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झाली. तिचे समृद्ध युरेनियम ब्रिटनमधून आले होते. इ.स. १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली 'सायरस' अणुभट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालणारी होती. साधे पाणी न्यूट्रॉन शोषून घेत असल्याने अशा भट्टीत मंदक म्हणून जड पाणी वापरतात. सायरससाठी ते अमेरिकेकडून घ्यावे लागले. त्यामुळे इंधन देशी असले तरी परावलंबन संपत नव्हते.

जड पाण्याचे उत्पादन

साध्या पाण्यातील सुमारे ६,५०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, असतो. विद्युत अपघटनात हलका हायड्रोजन आधी मुक्त होतो आणि उरलेल्या पाण्यात ड्यूटेरियमचे प्रमाण वाढते. मात्र केवळ जड पाण्यासाठी एवढी वीज खर्च करणे परवडणारे नव्हते. पंजाबातील नांगल येथील खत कारखान्यात भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यापासून हायड्रोजन तयार केला जात असे. त्याच कारखान्याला जोडून इ.स. १९६२ मध्ये जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे १४ टन होती. मोठ्या वीजभट्ट्यांसाठी ती अपुरी असल्याने पुढे अन्य पद्धती स्वीकारण्यात आल्या. रायगड जिल्ह्यातील थळ येथील प्रकल्पात अमोनिया व हायड्रोजन यांच्यातील ड्यूटेरियमची देवाणघेवाण वापरली जाते; तोही खत कारखान्याशीच जोडलेला आहे.

मृत्यू

व्हिएन्नाकडे जात असताना विमान अपघातात भाभांचे निधन झाले. इ.स. १९६७ मध्ये तुर्भे येथील केंद्राला 'भाभा अणुसंशोधन केंद्र' असे नाव देण्यात आले.