बालवाचकांचा मित्र : जॉन न्यूबरी

घरांतील मूल वाचूं लागलें म्हणजे त्याच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें, हा प्रश्न प्रत्येक सुज्ञ आईबापांपुढें उभा राहतो. वडील मंडळींस जें पुस्तक उपयुक्त वाटतें तें मुलास रुचत नाहीं, आणि मुलास जें रुचतें तें वडिलांच्या पसंतीस उतरत नाहीं, असा तंटा पुष्कळ घरीं आढळतो. हा तंटा मिटविण्याचा उद्योग ज्यानें चिकाटीनें केला, अशा एका पुस्तकविक्रेत्याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव जॉन न्यूबरी.

इंग्लंडांतील बर्कशायर परगण्यांत वॉल्थम सेंट लॉरेन्स नांवाचें एक खेडें आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घरीं इ. स. १७१३ मध्यें न्यूबरीचा जन्म झाला. वाचनाची गोडी उपजतच असल्यामुळें नांगर न धरतां तो रेडिंग शहरीं एका छापखान्यांत कामास राहिला. १७३७ मध्यें छापखान्याचा मालक वारला. मरतांना त्यानें आपल्या मिळकतीचा कांहीं भाग न्यूबरीच्या नांवें करून ठेविला होता. पुढें न्यूबरीनें त्याच्या विधवा पत्नीशीं विवाह केला व तिच्या तीन मुलांचें पितृत्व आनंदानें पत्करिलें. १७४४ च्या सुमारास तो लंडनला आला आणि लवकरच सेंट पॉल या प्रसिद्ध मंदिराच्या आवारांत त्यानें आपलें दुकान थाटलें.

त्या काळीं इंग्लंडांतील मुलांस वाचावयास काय मिळे, हें पाहिलें म्हणजे न्यूबरीच्या कार्याची थोरवी ध्यानांत येते. एका लहान लांकडी फळीवर मुळाक्षरांचा कागद डकवून त्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवीत. हेंच मुलांचें पहिलें पुस्तक. त्यापुढें एक तर मृत्यूचें व पापाचें भय घालणारीं गंभीर पुस्तकें, नाहीं तर फेरीवाल्यांकडून मिळणारीं राक्षसांच्या व दरोडेखोरांच्या गोष्टींचीं स्वस्त चोपडीं. पहिलीं वडिलांच्या धाकानें वाचावयाचीं आणि दुसरीं वडिलांची नजर चुकवून!

जॉन लॉक या तत्त्ववेत्त्यानें १६९३ मध्यें शिक्षणावर लिहिलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें होतें कीं, मुलास विद्येची गोडी खेळांतून लावावी व इसापनीतीसारखें पुस्तक, शक्य तर चित्रांसह, त्याच्या हातीं द्यावें. न्यूबरीच्या पूर्वीं एकदोघांनीं मुलांकरितां मनोरंजक पुस्तकें काढून पाहिलीं होतीं. परंतु हा विचार मनावर घेऊन त्याचा कायमचा व्यवसाय करणारा न्यूबरीच होय.

१७४४ मध्यें त्यानें खिशांत मावेल एवढें एक चिमुकलें पुस्तक काढिलें. त्यांत मुळाक्षरांच्या अनुक्रमानें मुलांचे खेळ, प्रत्येक खेळाचें चित्र आणि त्याखालीं लहानसें पद्य होतें. बेसबॉल या खेळाचें नांव छापील स्वरूपांत प्रथम याच पुस्तकांत आढळतें असें मानतात. पुस्तकाची किंमत सहा पेन्स. आणखी दोन पेन्स दिले असतां मुलास एक चेंडू किंवा मुलीस टांचण्या खोंचण्याची एक उशी मिळे. तिची एक बाजू तांबडी व दुसरी काळी. मुलानें चांगलें कृत्य केलें म्हणजे तांबड्या बाजूस टांचणी खोंचावी, वाईट केलें म्हणजे काळ्या बाजूस. आपल्या वर्तनाचा हिशेब मुलानें आपणच डोळ्यांनीं पाहावा, ही त्यांतील युक्ति.

या यशानें न्यूबरीस हुरूप आला. १७५१ मध्यें त्यानें मुलांसाठीं एक नियतकालिक काढिलें. १७६१ मध्यें न्यूटनचें सृष्टिशास्त्र समजावून देणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत भोंवरा, चेंडू अशा रोजच्या वस्तूंच्या आधारें गहन नियम सोपे करून सांगितले होते. वाढत्या वयाच्या मुलांस बुद्धीचें खाद्य हवें असतें, हें त्यानें ओळखिलें होतें. १७६५ मध्यें निघालेलें गुडी टू-शूज हें त्याचें सर्वांत गाजलेलें पुस्तक. मार्जरी नांवाची एक अनाथ मुलगी, जिच्या पायांत एकच जोडा. ती शाळेंतून परतणाऱ्या मुलांचीं पुस्तकें मागून घेऊन वाचावयास शिकते, लांकडाचीं अक्षरें कोरून घरोघर जाऊन इतर मुलांस शिकविते आणि शेवटीं शाळेची शिक्षिका होते. हें पुस्तक कोणी लिहिलें तें निश्चित झालेलें नाहीं. पुष्कळांनीं तें ऑलिव्हर गोल्डस्मिथचें मानिलें आहे.

हा गोल्डस्मिथ न्यूबरीच्या आश्रयानें लिहीत असे, व डॉक्टर जॉन्सनसारख्या पंडितासही अडचणीच्या वेळीं न्यूबरी पैसे देई. गोल्डस्मिथनें आपल्या कादंबरींत या सदैव घाईंत असलेल्या, पण दयाळू पुस्तकविक्रेत्याचें चित्र प्रेमानें रेखाटलें आहे.

परंतु चरित्रलेखकानें केवळ स्तुति करूं नये. न्यूबरी पुस्तकांबरोबर औषधेंही विकीत असे. डॉक्टर जेम्स यांची तापावरील पूड हा त्याचा मोठा किफायतीचा माल. मार्जरीच्या गोष्टींत तिचा बाप तापानें मरतो, आणि मरतो तो अशा ठिकाणीं कीं जेथें ही पूड मिळत नव्हती! कोवळ्या वाचकाच्या डोळ्यांतील अश्रूंवर जाहिरात करणें उचित नव्हे. त्या पुडींत अँटिमनी हा विषारी पदार्थ असे. १७७४ मध्यें खुद्द गोल्डस्मिथनें अखेरच्या दुखण्यांत वैद्याचा सल्ला डावलून हीच पूड घेतली होती. यावरून दिसून येतें कीं, चांगल्या पुस्तकांतही काय शिरलें आहे हें वडील माणसांनीं पाहणें अवश्य आहे.

२२ डिसेंबर १७६७ रोजीं न्यूबरी वारला. जन्मगांवींच त्याचें दफन झालें. पुढें अमेरिकेंत त्याच्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघाल्या. बालवाङ्मयांतील उत्कृष्ट पुस्तकास १९२२ पासून तेथील ग्रंथपालांची संस्था दरसाल एक पदक देते. त्यास न्यूबरीचेंच नांव आहे. १९२८ मध्यें हें पदक बंगालमध्यें जन्मलेले लेखक धनगोपाळ मुकर्जी यांस एका कबुतराच्या कथेबद्दल मिळालें, ही आपणां भारतीयांस अभिमानाची गोष्ट आहे. लॉकनें शिफारस केलेली इसापनीतीही आपल्या भाषेस परकी राहिली नाहीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ मध्यें ती मराठींत आणिली.

या चरित्रापासून आईबापांनीं काय घ्यावें? आमच्या मतें तीन गोष्टी. पुस्तक मुलाच्या हातांस, वयास व आवडीस साजेसें असावें. तें मुलास अजाण समजून दटावणारें नसावें; त्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवणारें असावें. आणि तें मुलास देण्यापूर्वीं वडिलांनीं स्वतः वाचलेलें असावें. कारण गोष्टीच्या आडून कोणता माल विकला जात आहे, हें मुलास कळत नाहीं. धाकानें वाचावयास लावलेलें मूल मोठें झाल्यावर पुस्तकाकडे पाठ फिरवितें, आणि ती हानि पुढें भरून निघणें फार कठीण.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही आमचें एक मागणें आहे. मार्जरीपाशीं स्वतःचें पुस्तक नव्हतें; तुमच्यापाशीं शाळेचें ग्रंथालय आहे. एखादें पुस्तक आवडलें तर तें कां आवडलें, हें घरीं आईवडिलांस सांगत जा. म्हणजे पुढचें पुस्तक निवडतांना वडिलांचा अनुभव व तुमची आवड हीं दोन्हीं एकत्र येतील, आणि आरंभीं सांगितलेला तंटा तुमच्या घरीं तरी उरणार नाहीं.