उघड्या दारातली प्रार्थना

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला आठवतं ते विधवांसाठीचं काम. शाळेच्या पुस्तकात तेवढंच होतं ना! त्या ख्रिस्ती झाल्या, ही गोष्ट मात्र आपण घाईघाईने ओलांडून पुढे जातो. खरं तर त्यांचं निम्मं आयुष्य त्या गोष्टीतच आहे.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आईने संस्कृत शिकवलं. आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा. तिला घेऊन बाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पण मान डोलावणाऱ्यांतल्या बाई नव्हेतच या! तिथल्या जोगिणींच्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी विचारलं, आमची संस्कृत काय वाईट? शाकाहारही सोडला नाही. शिकवलेलं प्रत्येक तत्त्व त्या तपासून घ्यायच्या, त्यामुळे तिथल्या वडीलधाऱ्या नाराज व्हायच्या.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. मुलींना धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करत, दार मात्र उघडं ठेवत. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाजूला झाले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती मला समजते. पण दार लावून घ्यायचं का, या प्रश्नाला रमाबाईंचं उत्तर ठाम नाही असंच होतं.

याच काळात त्यांना एक गोष्ट जाणवली, ती त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली, धर्म हाती आला, पण ख्रिस्त काही भेटला नाही. एवढं नाव झालेल्या बाईने हे कबूल करायचं म्हणजे सोपं नाही हो.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. स्वतः उपास काढलेली बाई ती! अन्न, कपडा, विणकाम, छपाई सगळं दिलं, तरी मन भरेना. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत आकडा शेकड्यांत गेला. त्या महिनाअखेरीस मुली रडून आपापल्या चुका कबूल करू लागल्या. मग त्यांच्याच टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या.

शेवटची कित्येक वर्षं रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. आधीचं भाषांतर खेड्यातल्या बाईला जड जातं, असं त्यांना वाटे. त्यासाठी हिब्रू, ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी खिळे जुळवून छापलेलं.