योहान स्टुर्म : स्ट्रासबर्गचा गुरु

धर्मसुधारणेच्या काळी ज्यांनी उपदेशपीठावरून सुवार्ता गाजविली, त्यांची नावे मंडळीतील लहान मुलांनाही ठाऊक असतात. परंतु ज्यांनी मुलांमध्ये बसून, अक्षरांपासून आरंभ करून तेच कार्य दृढ केले, त्यांचे स्मरण फार थोडे लोक करितात. योहान स्टुर्म हा अशांपैकी एक होय.

स्टुर्माचा जन्म इ. स. १५०७ मध्ये जर्मनीतील श्लायडेन ह्या गावी झाला. त्याचा बाप तेथील सरदाराचा कारभारी होता. पुढे त्याला लीएज नगरातील एका धार्मिक बंधुमंडळाच्या शाळेत पाठविण्यात आले. त्या शाळेत मुलांचे निरनिराळे वर्ग पाडलेले असून खालचा अभ्यास पुरा झाल्यावाचून कोणासही वरच्या वर्गात घेत नसत. ही व्यवस्था त्या मुलाच्या मनात खोल रुजली. त्यानंतर लूव्हेन येथे त्याने ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचा अभ्यास केला, आणि इ. स. १५२९ मध्ये तो पॅरिस येथे जाऊन शिकवू लागला. तेथेच त्याचे मन सुधारलेल्या मताकडे वळले. परंतु फ्रान्सात त्या मताच्या लोकांचा छळ वाढत चालला होता. तेव्हा स्ट्रासबर्ग नगराकडून बोलावणे येताच इ. स. १५३७ च्या आरंभी तो तिकडे गेला.

त्या नगराचा पुढारी याकोब स्टुर्म हा होता. आडनाव एक असले तरी त्या दोघांचे काही नाते नव्हते. नगरात लहानलहान लॅटिन शाळा होत्या, पण त्या विखुरलेल्या होत्या, व एकीचा अभ्यास दुसरीशी जुळत नसे. योहानाने नगरसभेस आपली योजना लिहून दिली. तिला अनुसरून इ. स. १५३८ मध्ये ह्या शाळा एक करण्यात आल्या, डोमिनिकन संन्याशांच्या जुन्या मठात नवे विद्यालय उघडले, आणि योहान स्टुर्म त्याचा मुख्य झाला. पुढे त्रेचाळीस वर्षे त्याने ते पद सांभाळिले.

ह्या विद्यालयाची रीत अशी होती. पाचसहा वर्षांचे मूल सर्वांत खालच्या वर्गात येई व वर्षाला एक पायरी चढे. प्रत्येक वर्गाचे काम व पुस्तके ठरलेली असत. वर्गातील मुलांच्या दहादहांच्या तुकड्या करून प्रत्येकीवर एक मुलगा नेमीत. वर्षाच्या अखेरीस परीक्षा होई, आणि जे उत्तम ठरत त्यांस सर्वांसमक्ष बक्षिसे देऊन वर चढवीत. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे मुले प्रथम आपल्या जर्मन भाषेत शिकत, नंतर लॅटिनमध्ये, आणि वरच्या वर्गांत पौलाची पत्रे वाचीत. सुभक्ति, ज्ञान व शुद्ध भाषण ही तीन एकाच मनुष्याच्या ठायी यावी, हा स्टुर्माचा हेतु होता.

ह्या पद्धतीत एक उणीवही होती, ती लपवू नये. लॅटिनवर त्याचे इतके प्रेम होते की मुलांच्या मातृभाषेला वरच्या वर्गांत जवळजवळ स्थान उरले नाही, आणि गणितासही फार उशिरा जागा मिळाली. तरी विद्यालयाची कीर्ति दूरवर पसरली. जॉन कॅल्विन इ. स. १५३८ पासून १५४१ पर्यंत स्ट्रासबर्गात होता व त्याने येथे पवित्र शास्त्र शिकविले. पुढे इ. स. १५५९ मध्ये जिनेव्हात त्याने विद्यालय स्थापिले तेव्हा स्टुर्माचा कित्ता त्याच्यापुढे होता. इ. स. १५६६ मध्ये बादशहा दुसरा मॅक्सिमिलियन ह्याने स्ट्रासबर्गच्या विद्यालयास उच्च अकादमीचा दर्जा दिला.

परंतु ह्या गुरूची खरी परीक्षा म्हातारपणी झाली. फ्रान्सातील छळ सोसणाऱ्या प्रॉटेस्टंट बंधूंसाठी त्याने मोठ्या रकमा स्वतःच्या नावावर कर्जाऊ काढून दिल्या. ते पैसे पुरते परत आले नाहीत, आणि सावकारांचा तगादा त्याच्या पाठीस कायमचा लागला. त्याहून जड असे दुःख घरच्यांकडूनच आले. प्रभुभोजनाच्या सिद्धांतावरून लूथरच्या व कॅल्विनच्या अनुयायांत तंटा पेटला होता. दोन्ही पक्षांनी एकमेकांस भाऊ मानावे असे स्टुर्माचे म्हणणे होते. नगरातील कडव्या लूथरपंथी पाळकांस ते रुचले नाही. वादात तोही तीव्र लिहीत गेला, आणि शेवटी इ. स. १५८१ मध्ये नगरसभेने त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वृद्धास पदावरून दूर केले. ज्या शाळेची पहिली वीट त्याने रचिली, तिचे दार त्याला बंद झाले.

तो नगराबाहेर नॉर्थाइम गावी जाऊन राहिला. दृष्टीही गेली. इ. स. १५८९ च्या मार्च महिन्याच्या ३ तारखेस तो मरण पावला.

परंतु त्याचे काम मेले नाही. त्याच्या अकादमीस इ. स. १६२१ मध्ये विश्वविद्यालयाचे अधिकार मिळाले, व मूळ विद्यालयही चालू राहिले. इ. स. १६८१ मध्ये नगर फ्रान्सच्या ताब्यात गेले, इ. स. १८६० मध्ये शाळेची इमारत आगीत जळाली, तरी ती पुन्हा उभी राहिली. इ. स. १९१९ मध्ये तिला स्टुर्माचेच नाव देण्यात आले, आणि आजही त्या नावाने ती स्ट्रासबर्गात चालू आहे.

वाचकहो, ज्यांनी त्या वृद्धास घालवून दिले त्यांची नावे आज कोण घेतो? झाडाखाली चार मुलांस अक्षरे शिकविणाऱ्या गुरूने खचू नये. एक पायरी नीट घडवावी, मग दुसरी. आणि ज्या मंडळीत मतांवरून फूट पडू पाहते, तिने ह्या आंधळ्या म्हाताऱ्याची आठवण करावी.