बांच्या छातीतली धडधड

सेवाग्रामच्या दवाखान्यात आपल्यापैकी कितीजणी जाऊन आल्या असतील! कोणी बाळंतपणाला, कोणी सासूबाईंना घेऊन. त्या दवाखान्याचं नाव कस्तुरबा रुग्णालय. रांगेत उभं राहून मी ते कितीदा तरी वाचलंय. बांचं आयुष्य मात्र साठीजवळ आल्यावर वाचायला घेतलं, आणि माझं लक्ष सारखं जात राहिलं ते त्यांच्या तब्येतीकडे.

जन्म 11 एप्रिल 1869, पोरबंदर. तेराव्या वर्षी लग्न. पहिलं मूल गेलं, मग चार मुलगे झाले. दक्षिण आफ्रिकेत रक्तस्रावाचा त्रास इतका वाढला की ऑपरेशन करावं लागलं. अंगात काही उरलंच नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ते क्लोरोफॉर्म न देताच केलं. नुसतं वाचूनही अंगावर काटा येतो. पुढे 1913 मध्ये तिथल्याच सत्याग्रहात तीन महिने सक्तमजुरी झाली, तेव्हाही सुटल्या त्या हाडांचा सापळा होऊनच.

1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीत बांना आडोसा म्हणून नव्हता. ते जमनालालजींच्या लक्षात आलं आणि त्यांनी बा-कुटी बांधून दिली. केवढीशी ती खोली! सत्तरीला टेकलेल्या असतानाही, 1939 मध्ये, त्या राजकोटच्या सत्याग्रहात जाऊन अटकेत राहिल्या.

ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईला गेल्या, त्या सेवाग्रामला परत आल्याच नाहीत. 9 तारखेला गांधीजींना पकडलं. त्यांच्या जागी सभेत बोलायला बा निघाल्या, तर त्यांनाही अटक झाली. मग पुण्याचा आगाखान पॅलेस. आठवडाभरात महादेवभाई देसाई तिथेच हृदयविकारानं गेले. बांना खोकल्याचा, दम्यासारखा त्रास जुनाच होता. 1943 मध्ये छातीत धडधड सुरू झाली, पुढे हृदयविकाराचे झटकेही आले. डॉ. सुशीला नायर आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर, दोघंही तिथेच कैदेत असल्यानं निदान डॉक्टर तरी उशाशी होते.

मैत्रिणींनो, आपल्याकडे धडधडीचं काय होतं? वय झालं, गॅस झाला, काळजी करते फार, असं म्हणून विषय संपतो. बाई सडपातळ असली तर मग बघायलाच नको, तिला हृदयाचं दुखणं होईल असं कुणाला वाटतच नाही. पण वजनकाटा सगळं सांगत नाही. पाळी गेल्यावर दंड-मांड्यांचे स्नायू कमी होत जातात, चरबी पोटाकडे सरकते आणि काटा मात्र तोच आकडा दाखवतो. लठ्ठपणानं, वाढलेल्या बीपीनं हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो हे खरंच. पण थायरॉइड, जुना झडपेचा आजार, फुप्फुसाचं दुखणं यानंही ते बिघडतात, आणि ही दुखणी बारीक बाईलाही होतात. रक्त कमी असलं तरी छाती धडधडतेच.

उतारवयात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. कित्येकींना तर धडधड जाणवतही नाही, नुसता थकवा किंवा दम. म्हणून मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ठोके वेडेवाकडे, कधी घाईनं कधी थांबून पडत असले तर ईसीजी काढायचा, जमलं तर धडधड चालू असतानाच. गरज असेल तर डॉक्टर रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. ती मनानं सुरू करायची नाही, आणि मनानं बंद तर मुळीच नाही.

बांच्या वेळी यातलं फारसं काही नव्हतं. शेवटी न्यूमोनिया झाला. कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलिन आणलं होतं, पण इंजेक्शनांनी तिचे हाल नकोत म्हणून गांधीजींनी ते देऊ दिलं नाही. धाकटे देवदास द्या म्हणत होते. कोण बरोबर होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. 22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी गांधीजींच्या मांडीवर बा गेल्या.

सुशीलाबेन सुटल्यावर सेवाग्रामला आल्या आणि बांच्या नावानं दवाखाना उभा केला. 1969 मध्ये त्याला मेडिकल कॉलेज जोडलं गेलं. ते वर्ष गांधीजींच्या जन्मशताब्दीचं म्हणून सगळ्यांच्या लक्षात आहे. बांचीही शंभरी त्याच वर्षी होती.