रक्तसाक्षी संत व्हॅलेंटाईन

ज्युबिली महोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या साधुसंताचे चरित्र असावे, हा आपला जुना परिपाठ आहे. त्यास अनुसरून आम्ही ह्या वेळी अशा एका संताचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की ज्यांचे नाव आज जगातील बहुतेक सर्व शहरांत दुकानांच्या दर्शनी काचांवर झळकते, परंतु ज्यांचे चरित्र आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक आहे. ते संत म्हणजे रोमचे रक्तसाक्षी व्हॅलेंटाईन. दरवर्षी फेब्रुवारीची १४ तारीख आली म्हणजे शेजारीपाजारी, कचेरीतील सोबती आणि कधी कधी आपली स्वतःची मुलेही आपणांस विचारतात, की हा तुमचा सण काय? त्या वेळी होय म्हणावे तर संकोच वाटतो आणि नाही म्हणावे तर संताचे नाव आड येते. ह्या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देता यावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

संत व्हॅलेंटाईन हे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील. त्यांच्या नावाचे मूळ लॅटिन रूप व्हॅलेंटिनुस असे असून, बलवान, समर्थ ह्या अर्थाच्या शब्दापासून ते बनले आहे. त्या काळी रोमन राज्यात हे नाव पुष्कळांस असे. ख्रिस्तसभेवर ते दिवस मोठ्या संकटाचे होते. २५० साली बादशहा डेशियसने देवतांस बळी अर्पण करण्याची सक्ती सर्व प्रजेवर केली. पुढे २५७ व २५८ साली बादशहा व्हॅलेरियनने बिशप व धर्मगुरू ह्यांनाच वेचून शिक्षा दिल्या. त्याचा पुत्र गॅलिएनस ह्याने २६० च्या सुमारास हा छळ थांबविला. त्याच्यामागून क्लॉडियस दुसरा हा २६८ ते २७० पर्यंत गादीवर होता, आणि ह्याच बादशहाच्या अमदानीत, २६९ च्या सुमारास, संत व्हॅलेंटाईन ह्यांनी आपले प्राण अर्पण केले, अशी परंपरा आहे.

ह्या संताविषयी दोन प्राचीन कथा आहेत. पहिली कथा रोम शहरातील एका धर्मगुरूची. इराणातून मारियस व मार्था हे दांपत्य आपल्या पुत्रांसह रोमला आले आणि तुरुंगातील ख्रिस्ती बंदिवानांची सेवा व रक्तसाक्ष्यांच्या देहांचे दफन करू लागले. त्याच वर्तुळात फादर व्हॅलेंटाईन हेही होते. त्यांस पकडून बादशहापुढे उभे करण्यात आले. प्रथम बादशहाने त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, परंतु दरबाऱ्यांनी कान भरल्यावर त्याने त्यांस अस्टेरियस नावाच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केले. ह्या अस्टेरियसच्या घरी त्याने मानलेली एक आंधळी मुलगी होती. जगाचा खरा प्रकाश ख्रिस्त आहे हे कैद्याचे बोलणे खरे असेल, तर ह्या मुलीस दृष्टी मिळावी, असे त्याने मागणे घातले. व्हॅलेंटाईन ह्यांनी मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिला दिसू लागले. अस्टेरियसने घरातील मूर्ती फोडल्या, उपवास केला आणि सर्व कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता बादशहाच्या कानी गेली. त्या नवख्रिस्ती मंडळींस मरणाची शिक्षा झाली, आणि व्हॅलेंटाईन ह्यांचा रोमच्या उत्तरेकडे जाणाऱ्या फ्लामिनिया मार्गावर १४ फेब्रुवारी रोजी शिरच्छेद करण्यात आला.

दुसरी कथा तेर्नी गावच्या बिशपांची. तेर्नी हे गाव रोमच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरांवर असून त्याचे प्राचीन नाव इंतेराम्ना असे होते. रोममध्ये क्रातोन नावाचा एक विद्वान वक्तृत्वशास्त्र शिकवीत असे. त्याच्या मुलाचे शरीर व्याधीने वाकून गेले होते आणि वैद्यांचे उपाय थकले होते. त्याने बिशप व्हॅलेंटाईन ह्यांस बोलावून घेतले. बिशपांनी मोबदला म्हणून द्रव्य घेण्याचे नाकारले, मुलास घेऊन खोलीचे दार लावले आणि रात्रभर प्रार्थना केली. मुलगा बरा झाला, तेव्हा क्रातोनच्या घरच्या सर्वांनी व त्याच्या काही विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. शहराच्या अधिकाऱ्यास हे न रुचून त्याने बिशपांचा रात्रीच्या वेळी वध करविला. प्रोकुलुस, एफेबुस व अपोलोनियुस ह्या तीन तरुण शिष्यांनी त्यांचा देह गुपचूप तेर्नीस नेऊन पुरला आणि पुढे त्यांनीही तेच मरण पत्करले.

आता हे दोन संत की एकच? दोघांचे नाव एक, दिवस एक, मरणाची जागा एकाच मार्गावर, आणि दोघांच्याही कथेत घरातील लेकराचे बरे होणे व त्यावरून सबंध घराचे धर्मांतर. म्हणून पुष्कळ अभ्यासकांचे मत असे, की एकाच रक्तसाक्ष्याच्या स्मृतीतून ह्या दोन कथा वाढल्या असाव्यात. दोन्ही वृत्तांत संताच्या मरणानंतर काही शतकांनी लिहिलेले आहेत. क्लॉडियसने ख्रिस्ती लोकांविरुद्ध सर्वसाधारण हुकूम काढल्याचा पुरावा नाही. तो गॉथ लोकांशी लढण्यात गुंतला होता आणि २७० साली साथीच्या रोगाने वारला. तथापि ह्यावरून व्हॅलेंटाईन झालेच नाहीत असे कोणी समजू नये. चौथ्या शतकात पोप ज्युलियस पहिले ह्यांनी फ्लामिनिया मार्गावर व्हॅलेंटाईन ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे मंदिर बांधल्याची जुनी नोंद आहे. सातव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला. दूरदूरचे यात्रेकरू तेथे येत, आणि रोमच्या उत्तर वेशीस मध्ययुगात संत व्हॅलेंटाईन ह्यांचा दरवाजा असे म्हणत. लोक ज्या थडग्यापाशी इतकी शतके गुडघे टेकत आले, ते थडगे ही कवीची कल्पना नव्हे.

येथपर्यंत वाचून वाचक म्हणतील, की ह्यात प्रेमिकांचा संबंध कोठे आला? खरोखरच तो कोठेही नाही. बादशहाने सैनिकांस विवाह करण्याची बंदी केली व व्हॅलेंटाईन ह्यांनी चोरून त्यांचे विवाह लावले, अशी एक गोष्ट हल्ली सर्वत्र सांगितली जाते. परंतु रोमन सैनिकांवरील विवाहबंदी बादशहा सेप्टिमियस सेव्हेरस ह्याने १९७ च्या सुमारास, म्हणजे ह्या घटनेच्या ७० वर्षे आधीच उठविली होती, असे इतिहासकार मानतात. शिवाय धर्मगुरूसमोर व साक्षीदारांसमोर विवाह झालाच पाहिजे, हा नियम सर्वांस लागू करणारा ठराव ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली केला. तिसऱ्या शतकात आजच्यासारखा स्वतंत्र विवाहविधी रूढ नव्हता. तुरुंगातून त्या आंधळ्या मुलीस चिठ्ठी पाठविल्याची जी गोष्ट सांगतात, तीही जुन्या वृत्तांतांत आढळत नाही. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने ह्यांनी संतचरित्रांचा जो सुप्रसिद्ध ग्रंथ रचला, त्यात व्हॅलेंटाईन आहेत, आंधळी मुलगी आहे, परंतु प्रेमिक नाहीत.

आणखी एक समज असा, की रोममधील लुपरकालिया नावाचा मूर्तिपूजकांचा सण मोडून त्याजागी पोप जेलाशियस पहिले ह्यांनी हा सण घातला. लुपरकालिया १५ फेब्रुवारीस होत असे. त्यात तरुण मंडळी बोकडाच्या कातड्याच्या वाद्या हाती घेऊन रस्त्यांतून धावत. पोप जेलाशियस ह्यांनी त्याचा निषेध लिहिला हे खरे. परंतु त्याऐवजी प्रेमाचा सण स्थापिल्याचा, अथवा त्या सणात मुलामुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या काढीत असल्याचा, प्राचीन पुरावा नाही.

मग ही रीत आली कोठून? आजवर सापडलेल्या पुराव्यावरून ती इंग्लंडातील कवींपासून आली असे दिसते. १३८० नंतरच्या सुमारास जेफ्री चॉसर ह्या कवीने पक्ष्यांच्या सभेचे एक काव्य रचले. त्यात संत व्हॅलेंटाईन ह्यांच्या दिवशी पक्षी आपापले जोडीदार निवडतात, अशी कल्पना आहे. तीच कल्पना इतर दरबारी कवींनी उचलली, आणि पुढल्या शंभर वर्षांत ती काव्यातून घराघरांत उतरली. १४७७ सालच्या फेब्रुवारीत मार्जरी ब्रूज नावाच्या एका इंग्रज मुलीने आपला नियोजित वर जॉन पॅस्टन ह्यास लिहिलेले पत्र आजही जपून ठेवलेले आहे, आणि त्यात ती त्यास आपला व्हॅलेंटाईन म्हणते. आमच्या वाचकांस त्या पत्रातील दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटेल. मुलीचे वडील हुंडा वाढवून देण्यास तयार नव्हते, आईने मनधरणी करूनही उपयोग झाला नव्हता, आणि खरे प्रेम असेल तर एवढ्याकरिता आपणांस सोडू नये, अशी ती बिचारी विनवणी करते. संतोषाची गोष्ट ही, की तो विवाह झाला.

पुढे चिठ्ठ्या टाकून त्या दिवसापुरती जोडी ठरविण्याची व भेटी देण्याची चाल पडली. ती रीत बंद करण्यासाठी काही उत्साही धर्मगुरूंनी मुलींच्या नावांऐवजी संतांची नावे चिठ्ठ्यांवर घालण्याचा उपाय केला, आणि संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांनीही ह्या चालीस विरोध केला, असे अठराव्या शतकातील चरित्रकार फादर ॲल्बन बटलर ह्यांनी लिहून ठेविले आहे. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र पोहोचविण्याची टपालव्यवस्था सुरू झाली, तेव्हा हाताने लिहिलेल्या चिठ्ठीची जागा छापील पत्रिकेने घेतली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील वूस्टर गावी एस्थर हाउलँड ह्या बाईंनी लेस व रंगीत कागद लावून पत्रिका तयार करण्याचा मोठा धंदा उभारला. हजारोंची प्रेमपत्रे सजविणाऱ्या ह्या बाई स्वतः मात्र अविवाहित राहिल्या. पत्रिकांमागून मिठाई आली, मिठाईमागून फुले. जपानात तर त्या दिवशी स्त्रिया पुरुषांना चॉकलेट देतात आणि पुरुष महिन्याने, १४ मार्चला, त्याची परतफेड करतात. येणेप्रमाणे कवीने लावलेले रोप व्यापाऱ्याच्या बागेत वाढले.

आपल्या महाराष्ट्रात हा दिवस १९९० नंतर शहरांतून विशेष दिसू लागला आणि त्यास विरोधही झाला. पत्रिका जाळण्यात आल्या, दुकानांवर मोर्चे गेले. विरोध करणाऱ्यांस आणि साजरा करणाऱ्यांसही तो ख्रिस्ती लोकांचा धार्मिक सण वाटला. वस्तुस्थिती अशी आहे, की १९६९ साली पोप सहावे पॉल ह्यांच्या कारकीर्दीत ख्रिस्तसभेने आपली दिनदर्शिका तपासून घेतली, तेव्हा चरित्राची माहिती अपुरी म्हणून संत व्हॅलेंटाईन ह्यांचा दिवस सर्वसाधारण दिनदर्शिकेतून काढून स्थानिक परंपरेवर सोपविला. १४ फेब्रुवारीस आता संत सिरिल व संत मेथोडियस ह्या बंधूंचे स्मरण होते, कारण संत सिरिल ८६९ साली त्याच तारखेस रोममध्ये निवर्तले. तथापि रक्तसाक्ष्यांच्या अधिकृत नामावलीतून व्हॅलेंटाईन ह्यांचे नाव काढलेले नाही. जगाने ज्या दिवसाचा एवढा गाजावाजा चालविला, त्याच दिवसाविषयी ख्रिस्तसभेने पुराव्याअभावी माघार घ्यावी, ही गोष्ट आम्हांस अभिमानास्पद वाटते. जे सिद्ध नाही ते सांगून संताचा मान वाढत नाही.

२०१८ व २०२४ ह्या दोन्ही साली राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीस आला होता. बाजारात लाल फुले आणि देवळात कपाळावर राख, असा तो योग होता. त्या दिवशी उपवास पाळणाऱ्या आपल्या तरुणांनी, आम्हांस वाटते, ह्या संताचा दिवस कोणत्याही पत्रिकेपेक्षा अधिक योग्य रीतीने साजरा केला.

असे असले तरी प्रेमिकांनी ह्या संताकडे पाठ फिरवावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आयर्लंडातील डब्लिन शहरी कार्मेलाइट संघाच्या चर्चमध्ये, पोप ग्रेगरी सोळावे ह्यांनी १८३६ साली फादर जॉन स्प्रॅट ह्यांस दिलेले, संत व्हॅलेंटाईन ह्यांचे म्हणून पूजिले जाणारे पवित्र अवशेष आहेत. तेथे लोक आपली मागणी वहीत लिहून ठेवतात. तेर्नीच्या मंदिरात दरवर्षी वाग्दत्त जोडपी संताच्या समाधीपुढे येऊन एकमेकांस वचन देतात. २०१४ सालच्या १४ फेब्रुवारीस पोप फ्रान्सिस ह्यांनी संत पेत्राच्या चौकात हजारो वाग्दत्त जोडप्यांची भेट घेतली आणि जन्मभराच्या वचनाची भीती बाळगू नये, अशा आशयाचा उपदेश केला. कवीच्या पक्ष्यांनी जोडीदार निवडला तो एका ऋतूपुरता. विवाहसंस्कारातील वचन मरणापर्यंतचे असते, आणि मरणापर्यंत वचन पाळणे म्हणजे काय, हे ज्याने मान देऊन दाखविले, त्या रक्तसाक्ष्याहून ह्या जोडप्यांस चांगला कैवारी कोण मिळणार?

म्हणून कोणी विचारील की हा तुमचा सण काय, तर आपण नम्रपणे सांगावे, की फुले व पत्रिका ही कवींची आणि व्यापाऱ्यांची देणगी, संत मात्र आमचे. आपल्या धर्मग्रामाच्या विवाहनोंदीच्या वहीत ज्यांची नावे एकाखाली एक लिहिली गेली, त्या आपल्या आईवडिलांनी, आजाआजींनी कधी असली पत्रिका पाहिली नसेल, तरी आजारात, दुष्काळात व म्हातारपणी त्यांनी एकमेकांस अंतर दिले नाही. ज्युबिलीच्या ह्या मंगल वर्षी त्यांचे स्मरण करून, आपल्या तरुण जोडप्यांस तीच निष्ठा लाभो, आणि संत व्हॅलेंटाईन ह्यांच्या मध्यस्थीने आपल्या सर्व कुटुंबांवर प्रभूची कृपादृष्टी राहो, हीच प्रभुचरणी आमची प्रार्थना.