बेलफास्टला जाणारा रोरी

रॉकमधले भारी गिटारिस्ट सांगा, असं कुणी म्हटलं तर तुम्ही हेंड्रिक्स, क्लॅप्टन, जिमी पेज, स्लॅश अशी सात-आठ नावं एका दमात घ्याल. कट्ट्यावरचा एखादा ब्रायन मेचं नाव पुढे करेल. रोरी गॅलहर हे नाव मात्र बहुतेक येणार नाही. (आडनावाचं स्पेलिंग बघून गॅलेगर म्हणाल, पण त्याच्या देशात मधला ‘ग’ खाऊन टाकतात.) गंमत बघा, ज्या ब्रायन मेचं नाव तुम्ही घेतलंत त्याने आपल्या गिटारचा आवाज या रोरीकडूनच उचललाय. लंडनमध्ये एक शो संपल्यावर तो मागे थांबला आणि हा आवाज काढतोस कसा, असं त्याने रोरीला सरळ विचारलं. रोरीने काहीही न लपवता सांगून टाकलं. व्हॉक्स कंपनीचा एसी-३० अँप्लिफायर आणि त्याच्या आधी जोडलेला एक छोटासा ट्रेबल बूस्टर. पुढे क्वीन, म्हणजे आपल्या पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा बँड, जगभर गाजला तो याच गिटारच्या आवाजासकट.

नेटवर रोरीबद्दल हेंड्रिक्सच्या नावाने एक किस्सा फिरतो. जगातला सर्वांत चांगला गिटारिस्ट असणं कसं वाटतं, असं विचारल्यावर हेंड्रिक्सने रोरीचं नाव सांगितलं म्हणे. या किश्श्याला पुरावा काही नाही. त्यामुळे तो सोडून द्या. रोरीची खरी गोष्टच त्याहून जास्त रंगतदार आहे.

जन्म २ मार्च १९४८, आयर्लंडमधल्या डॉनेगल परगण्यातलं बॅलीशॅनन गाव. लहानपणीची काही वर्षं उत्तरेतल्या डेरी शहरात गेली आणि मग आई या दोन भावांना घेऊन दक्षिणेला कॉर्कला आली. घरात रेडिओ. त्यावर ब्लूज ऐकून पोरगं वेडं झालं. पण १९६० च्या आसपास आयर्लंडमध्ये ब्लूज वाजवणार कुठे? तिथे चलती होती शोबँडची. शोबँड म्हणजे आपल्याकडचा गणपतीतला ऑर्केस्ट्राच समजा. सगळ्यांचे एकसारखे सूट, आठ-दहा वादक आणि चार्टवरची गाणी जशीच्या तशी. रोरी शाळेत असतानाच अशा एका शोबँडमध्ये शिरला.

त्याची गिटारही शोबँडमधूनच आली. दुसऱ्या एका बँडच्या वादकाने अमेरिकेहून लाल रंगाची फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर मागवली होती आणि आली सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळसर, कडेला काळपट. लाल मिळेपर्यंत त्याने ती वाजवली आणि मग कॉर्कच्या क्रॉलीज म्युझिक सेंटरमध्ये सेकंडहँड विकायला ठेवली. १९६१ सालची ती गिटार १५ वर्षांच्या रोरीने १९६३ मध्ये घेतली, हप्त्यावर. किंमत सुमारे १०० पौंड. त्या काळच्या कॉर्कमधल्या साध्या घराला ही रक्कम म्हणजे डोक्यावरून पाणी. ही एकच गिटार घेतली की दुसरा गिटारवाला लागणार नाही, दोघांचं काम मी एकटा करीन, असा हिशेब त्याने आईला समजावला. बाइक मागताना तुम्ही घरी असाच काहीतरी हिशेब मांडला असेल. फरक एवढाच, की याने तो खरा करून दाखवला. पुढे डब्लिनमध्ये ती गिटार गाडीतून चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका खड्ड्यात सापडली. घामाने तिचा रंग उडत गेला, खालचं लाकूड दिसायला लागलं. त्याने ती पुन्हा रंगवली नाही, आणि बदललीही नाही.

१९६६ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला, टेस्ट. तिघांचाच. थोड्याच काळात बँडने मुक्काम उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला हलवला, कारण ब्लूज ऐकणारी पोरं तिथल्या क्लबांमध्ये होती. नंतरच्या टेस्टमधले त्याचे दोन्ही साथीदार, बासवरचा रिचर्ड मॅक्रॅकन आणि ड्रमवरचा जॉन विल्सन, तिकडचेच. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच शहराभोवती फिरतं. क्रीमचा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला निरोपाचा शो १९६८ मध्ये झाला, त्यात आधी वाजवायला टेस्ट होते. १९७० च्या आइल ऑफ वाइट फेस्टिव्हलला त्यांनी प्रचंड गर्दी उठवून नाचवली. त्या फेस्टिव्हलचं शूटिंग करणाऱ्या मरी लर्नरने त्यांची एक-दोन गाणीच घ्यायची ठरवली होती, पण कॅमेरे चालूच राहिले. स्टेजवर आग लागलेली आणि स्टेजमागे तिघांचं एकमेकांशी नीट बोलणंसुद्धा नाही. भांडण मॅनेजर आणि पैशांवरून होतं. त्याच वर्षी टेस्ट फुटला. ते शूटिंग अख्खी फिल्म म्हणून लोकांसमोर आलं २०१५ मध्ये. एवढ्या उशिरा येणं हे रोरीच्या नशिबातच होतं बहुतेक.

मग स्वतःच्या नावाने करिअर सुरू झालं. बासवर जेरी मॅकअव्हॉय आला, हाही बेलफास्टचा. गडी वीस वर्षं रोरीच्या शेजारी उभा राहून वाजवत होता. अंडररेटेड हा शब्द रोरीला लावायचा तर मॅकअव्हॉयला दुप्पट लावायला हवा. त्याचा बास एकदा वेगळा काढून ऐका, मग कळेल की रोरी एवढा मोकाट कशाच्या जिवावर सुटायचा.

आता बेलफास्ट. १९६९ पासून उत्तर आयर्लंड पेटलं होतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये दंगली, रस्त्यावर ब्रिटिश सैन्य, बॉम्ब, गोळीबार. १९७२ हे त्या सगळ्या काळातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं. संध्याकाळी शहराचा मधला भाग ओस पडायचा. लंडनचे, अमेरिकेचे बँड बेलफास्टचं नाव काढलं की मान हलवायचे. त्यात त्यांचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही, जिवाची भीती कुणाला नसते? पण तुम्ही तिथे १८-१९ वर्षांचे आहात असं धरा. कॉलेज आहे, खिशात थोडे पैसे आहेत, आवडते बँड आहेत आणि त्यातलं कुणीही तुमच्या शहरात येत नाही. वर्षानुवर्षं.

रोरी यायचा. १९७२ च्या पहिल्याच दिवशी तो अल्स्टर हॉलमध्ये वाजवत होता. १८६२ मध्ये बांधलेला हा जुना हॉल शहराच्या मध्यावर आहे. तिथे दोन्ही बाजूंची पोरं एकाच दाराने आत यायची आणि खांद्याला खांदा लावून उभी राहायची. बाहेर नाव आणि पत्ता सांगितला की तुम्ही कुठल्या बाजूचे ते समोरच्याला कळायचं. आत ते कुणी विचारत नव्हतं. रोरीने यावर भाषण ठोकलं नाही, शांततेचं गाणं लिहिलं नाही, स्वतःला हिरो म्हणवून घेतलं नाही. वर्ष संपत आलं की तो यायचा, वाजवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. धोका किती होता? ३१ जुलै १९७५ च्या पहाटे मायामी शोबँड हा लोकप्रिय बँड उत्तरेतला शो करून डब्लिनला परत निघाला होता. वाटेत त्यांची गाडी अडवली गेली आणि बँडमधल्या तिघांचा खून झाला. त्यानंतरही रोरीचं बेलफास्टला जाणं थांबलं नाही.

डिसेंबर १९७३ आणि जानेवारी १९७४ मधल्या आयर्लंडच्या दौऱ्यात बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथे रेकॉर्डिंग झालं, आणि दिग्दर्शक टोनी पामरने फिल्मही केली. त्यातून आलेला ‘आयरिश टूर ७४’ हा डबल अल्बम माझ्या मते रॉकमधल्या सर्वोत्तम लाइव्ह रेकॉर्डिंगपैकी एक आहे. यावर कुणीही माझ्याशी भांडायला यावं. लू मार्टिनचा पियानो, रॉड डेअॅथचे ड्रम, मॅकअव्हॉय आणि मध्ये चौकटीचा शर्ट घातलेला रोरी. ना मेकअप, ना चकचकीत कपडे. त्या काळात बाकीचे उंच टाचांचे बूट आणि चमकी लावून फिरत होते, तेव्हा हा भाजी आणायला निघाल्यासारखा स्टेजवर यायचा. आणि मग दोन-अडीच तास घामाघूम.

एवढा गुणी माणूस स्टार का झाला नाही? कारण त्याने तसं ठरवलं होतं. गाणं कापून तीन मिनिटांचं करा, सिंगल काढा, टीव्हीवर ओठ हलवा, हे रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं त्याने कधी ऐकलं नाही. सिंगल नाही म्हणजे रेडिओ नाही आणि रेडिओ नाही म्हणजे तुमच्या-माझ्या प्लेलिस्टमध्ये नाव नाही. जानेवारी १९७५ मध्ये रोलिंग स्टोन्सनी त्याला रॉटरडॅमला बोलावलं. मिक टेलर नुकताच बाहेर पडला होता. रोरी गेला, काही रात्री त्यांच्यासोबत वाजवलं, निर्णयाची वाट बघितली. तो काही येईना. इकडे जपानच्या दौऱ्याची तिकिटं विकली गेलेली. तो बॅग उचलून जपानला गेला. स्टोन्समध्ये शेवटी रॉनी वूड आला. तुम्ही त्याच्या जागी असता तर? मी तरी जपानला फोन करून आजारी पडलो असतो.

हट्टीपणाचं आणखी एक उदाहरण. १९७८ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा अख्खा अल्बम तयार झाला होता. तिथेच त्याने सेक्स पिस्टल्सचा शेवटचा शो बघितला आणि मग आपला गुळगुळीत अल्बम त्याला आवडेना. टाकून दिला. पियानो काढला, पुन्हा तिघांचा बँड केला आणि दुसराच अल्बम काढला. टाकून दिलेला तो अल्बम बाहेर आला २०११ मध्ये, रोरी गेल्यावर सोळा वर्षांनी.

युरोपभर मात्र तो लाइव्ह गाजत राहिला. १९७७ ची जर्मनीतली रॉकपालास्टची रात्र अनेक देशांत टीव्हीवर दिसली. १२ सप्टेंबर १९८१ ला अथेन्समधल्या फुटबॉल मैदानावर सुमारे ४० हजार लोक जमले. ग्रीसमधली लष्करी राजवट जाऊन सातच वर्षं झाली होती. बाहेर पोलीस आणि पोरांची जुंपली, अश्रुधुराचे गोळे फुटले आणि धूर स्टेजपर्यंत आला.

या सगळ्याची किंमत शरीराने दिली. वर्षातले बहुतेक दिवस हॉटेलात. लग्न नाही, घर म्हणावं असं काही नाही. वय वाढलं तशी विमानाची भीती वाढली. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि जोडीला दारू. दोन्हींनी मिळून यकृत खाल्लं. चेहरा सुजला, हालचाल जड झाली, तरी दौरे चालूच. शेवटचा शो १० जानेवारी १९९५ ला झाला, तोही रॉटरडॅममध्ये. स्टोन्सकडे जाऊन आल्याला बरोबर वीस वर्षं झाली होती. लंडनमध्ये यकृताचं प्रत्यारोपण झालं, ते लागूही पडत होतं, पण जंतुसंसर्ग झाला. १४ जून १९९५ ला तो गेला. वय ४७. कॉर्कजवळच्या बॅलिनकॉलिगला त्याला पुरलं.

ती हप्त्यावरची गिटार ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला लिलावात निघाली आणि जवळजवळ नऊ लाख पौंडांना गेली. घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. जानेवारी २०२५ मध्ये बेलफास्टला अल्स्टर हॉलच्या बाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला, गिटार वाजवतानाचा.

ऐकायला सुरुवात कुठून करायची, तर अर्थात ‘आयरिश टूर ७४’. आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर नको. रूममेटला आधी सांगून ठेवा.